गिरणगावातील साचेखाते

कारखाना आला की जात जाईल, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. ती केवळ भाबड्या सुधारकांची नाही. १८५३ साली कार्ल मार्क्सने हिंदुस्थानातील ब्रिटिश राजवटीविषयी अमेरिकेतील एका वृत्तपत्रात लेख लिहिले. आगगाडीच्या पाठोपाठ येणारा आधुनिक उद्योग वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडून टाकील आणि जातींचा आधारच नाहीसा होईल, असे भाकीत त्याने त्यांत केले होते. दुसऱ्याच वर्षी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन झाली. म्हणजे भाकीत आणि त्याची कसोटी ही जवळजवळ जुळी भावंडे. या कसोटीचा निकाल काय लागला हे पाहण्यासाठी जाडजूड ग्रंथ उलगडण्याची गरज नाही. दीड-दोन वीत लांबीचा, दोन्ही टोकांना निमुळता असलेला लाकडी धोटा हातात घेतला तरी पुरेसे आहे.

परभणीसारख्या जिल्ह्यातील कार्यकर्त्याला, शिक्षकाला वा विद्यार्थ्याला हा विषय लांबचा वाटण्याचा संभव आहे. आपल्या जिल्ह्यात कापड गिरण्यांची चिमणी-चाळींची वसाहत कधी वसलीच नाही. नांदेडला उस्मानशाही मिल होती, औरंगाबादेत मिल होती. आपल्याकडे मात्र जिनिंग आणि प्रेसिंग. मानवत, सेलू, परभणी या कापसाच्या पेठा. शेतातून आलेल्या कापसाची सरकी वेगळी करायची, रुईच्या गठाणी बांधायच्या आणि त्या दुसरीकडे धाडायच्या, एवढाच उद्योग निजामी राजवटीत आपल्या वाट्याला आला आणि राजवट गेल्यावरही पुष्कळसा तेवढाच राहिला. १९०० च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्यातील मीटर गेज रेल्वे झाली. त्यापूर्वी माल वाहणाऱ्या बंजाऱ्यांच्या तांड्यांचा धंदा रेल्वेने बसवला, हे जाता जाता नोंदवले पाहिजे. कारण रेल्वेच्या आगमनाचे गोडवे गाणाऱ्या पुस्तकांत ते सहसा नसते. आपला कापूस या अरुंद रुळांवरून मनमाडला जाई, तिथे रुंद रुळांच्या डब्यांत चढे आणि मुंबईला पोचे. तिथून पुढे एक तर मुंबईच्या गिरणीत, नाही तर बोटीने परदेशी. कापूस जिथे जाई तिथे त्याचे कापड कोण विणत होते आणि कोणाला विणू दिले जात नव्हते, हा प्रश्न आपला नाही असे कसे म्हणता येईल?

गिरणगाव ही मूळची इंग्रजी कल्पना. म्हणून आधी इंग्लंडातील एक गाव पाहू. लँकेशायर परगण्यात ब्लॅकबर्न नावाचे शहर आहे. सूतकताईचे जेनी नावाचे यंत्र ज्याच्या नावावर जमा आहे तो जेम्स हारग्रीव्ह्ज याच टापूतला. शेजारच्या ओल्डहॅम आणि बोल्टन या गावांचा भर कताईवर, तर ब्लॅकबर्न आणि बर्नली यांचा भर विणण्यावर. ब्लॅकबर्नच्या मागांवर जे विणले जाई त्यात धोतरजोड्यांचा वाटा फार मोठा होता. ही धोतरे तिथे कोणी नेसत नव्हते. ती हिंदुस्थानसाठी होती. आपल्या शेतातला कापूस स्वस्तात उचलायचा आणि आपल्याच अंगावरचे वस्त्र आपल्याला विकायचे, हा व्यवहार शाळेतल्या इतिहासात आपण वाचलेला असतो. त्याचा दुसरा अर्थ असा की ब्लॅकबर्नच्या विणकरणीची चूल हिंदुस्थानच्या बाजारावर पेटत होती. परदेशी मालावरील बहिष्काराने आणि मंदीने ती विझू लागली, तेव्हा १९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी शेजारच्या डार्वेन गावी जाऊन त्या कामगारांना भेटले. भेटीची छायाचित्रे पुष्कळांनी पाहिली असतील.

विणकरण हा शब्द मी मुद्दाम वापरला. लँकेशायरच्या मागांवर स्त्रिया फार मोठ्या संख्येने होत्या आणि १८९२ च्या एकसमान दरपत्रकाने स्त्री आणि पुरुष विणकरांना तुकड्यामागे एकच दर ठरला होता. त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. पण त्या स्त्रियांच्या समोरच्या दातांची कथा वेगळी आहे. धोट्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की नवी बसवायची आणि तिच्या सुताचे टोक धोट्याच्या बाजूला असलेल्या बारीक छिद्रातून बाहेर काढायचे. हाताने ते जमत नाही, वेळ जातो. म्हणून विणकर धोटा ओठांना लावून जोराने श्वास ओढी. सूत छिद्रातून बाहेर येई आणि त्याबरोबर धूळ, खळ आणि तेल तोंडात जाई. दिवसातून शेकडो वेळा. लँकेशायरमध्ये या क्रियेला धोट्याचे चुंबन म्हणत. एकाच धोट्याला अनेकांचे ओठ लागत. दात किडतात, क्षयाचा प्रसार होतो अशी ओरड झाली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ सालीच या प्रकाराला कायद्याने बंदी केली. हाताने ओवता येईल असा धोटा तोवर तयार झालेला होता. तरी लँकेशायरमध्ये बंदी यायला १९५२ साल उजाडले, आणि तोवर तिथल्या गिरण्यांचीच घरघर सुरू झाली होती. मालकाला नव्या धोट्याचा खर्च नको होता, कामगारांनाही जुनी सवय सोडायची नव्हती.

हे सगळे सविस्तर सांगायचे कारण असे की हाच धोटा मुंबईला आला आणि त्याच्याबरोबर ओठाने सूत ओढण्याची रीतही आली. लँकेशायरमध्ये ती आरोग्याचा प्रश्न ठरली. मुंबईत ती विटाळाचा प्रश्न ठरली.

मुंबईतील पहिली गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी काढून ताडदेवला उभारली. १८५६ मध्ये ती चालू झाली. पुढच्या पन्नास वर्षांत भायखळ्यापासून दादरपर्यंत आणि शिवडीपासून वरळीपर्यंत चिमण्या उभ्या राहिल्या. चिंचपोकळी, लालबाग, परळ, डिलाईल रोड, नायगाव हा सगळा मुलूख गिरणगाव म्हणून ओळखला जाऊ लागला. इथे आलेली माणसे कोण होती? कोकणातून, घाटावरून, साताऱ्या-नगरहून आलेले कुणबी-मराठे होते, उत्तरेकडचे मुसलमान विणकर होते आणि महार होते. गावात बलुत्याच्या भाकरीसाठी वेठ करण्यापेक्षा दर महिन्याला हातात पडणारा रोख पगार, मग तो कितीही तुटपुंजा असो, हा अस्पृश्यांच्या दृष्टीने मुक्तीचाच एक मार्ग होता. हे नाकारण्याचे कारण नाही. गिरणगाव नसते तर पुष्कळ घरांतला पहिला शिकलेला मुलगा शाळेपर्यंत पोचला नसता. स्वतः बाबासाहेबांचे मुंबईतील बालपण लोअर परळच्या डबक चाळीतल्या खोलीत सुरू झाले, पुढे अनेक वर्षे ते परळच्या सुधार ट्रस्टच्या चाळीत राहिले आणि त्यांचे कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये होते. वाटेगावहून चालत मुंबई गाठलेल्या अण्णाभाऊ साठ्यांनीही गिरणीत घाम गाळला. दलित चळवळीची आणि दलित साहित्याची एक नाळ गिरणगावात पुरलेली आहे.

पण नाळ पुरलेली जागा आणि घर ही एकच गोष्ट नव्हे.

गिरणीत माणूस घेण्याचा अधिकार व्यवहारात मालकाचा नव्हता, जॉबरचा होता. जॉबर आपल्या गावचा, आपल्या नात्याचा, आपल्या जातीचा माणूस आणी; त्याला काम देई, खानावळ दाखवी, कर्ज देई आणि हप्ता घेई. बदली कामगार रोज पहाटे फाटकापाशी उभा राही आणि जॉबरच्या नजरेची वाट पाही. अशा पद्धतीत खात्याखात्याची जात ठरत गेली तर आश्चर्य कसले? कापूस पिंजण्याची ब्लोरूम आणि कार्डिंग ही धुळीची खाती. कापसाची बारीक धूळ फुफ्फुसात साठून कायमचा दमा होतो, त्याला वैद्यक बिसिनोसिस म्हणते. पुढे सूत काढणारे रिंगखाते, ज्याला जुने लोक त्रासनखाते म्हणत. अस्पृश्य कामगार प्रामुख्याने या कताईच्या बाजूला होते. जिथे माग चालतात ते साचेखाते मात्र त्यांना बंद होते. लेखी नियम कुठेही नव्हता. त्याची गरजही नव्हती.

कारण एकच सांगितले जाई. धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागते. महाराच्या ओठाला लागलेला धोटा मराठ्याने किंवा मुसलमानाने कसा तोंडाला लावायचा? वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. इस्लाममध्ये शिवाशीव नाही, हे आपण ऐकत आलो आहोत. साचेखात्यात ती होती.

साचेखाते म्हणजे नुसते एक खाते नव्हते. गिरणीतल्या मोठ्या खात्यांत सर्वांत चांगली कमाई तिथे होती. विणकराला तुकड्यावर मजुरी मिळे. दोन साचे चालवणाऱ्याची महिन्याची मिळकत रिंगखात्यातल्या माणसापेक्षा बरीच अधिक असे, आणि तिच्याबरोबर चाळीतला मानही येई. संपात शब्द त्याचा चाले. साचे थांबले की गिरणी थांबली असे मानले जाई. म्हणून विटाळाची ही सबब मला केवळ धार्मिक वेडगळपणा वाटत नाही. ती मजुरीची राखण होती. धोटा ओवण्याची दुसरी साधने जगात उपलब्ध झाली होती आणि ती काही हिऱ्यामाणकांची नव्हती. ज्या कामगारांना खरोखर ओठांचीच अडचण होती त्यांनी असा धोटा मागितला असता आणि शेजारी कोणाला उभे राहायचे ते राहू दिले असते. पण अडचण ओठांची नव्हती, वाटेकऱ्याची होती. जात ही पोटाशी कशी बांधलेली असते ते इथे जितके उघडे दिसते तितके कुठल्याही देवळाच्या पायरीवर दिसत नाही.

यातला विपर्यास पुढे आणखी गडद होतो. अस्पृश्यांना विणकाम नवीन होते म्हणून ते मागे राहिले, असे कोणी म्हणू लागला तर त्याला नागपूरकडे आणि गुजरातेकडे बोट दाखवावे. नागपूर-विदर्भात महार समाजाचा जाडेभरडे कापड विणणे हा एक जुना धंदाच होता. हातमागावर बसलेल्या कित्येक पिढ्या तिथे होत्या. गुजरातेत तर एका अस्पृश्य जातीचे नावच वणकर, म्हणजे विणणारा. हे वणकर अहमदाबादच्या गिरण्यांत मोठ्या संख्येने गेले आणि तिथेही ते त्रासनखात्यातच राहिले. साचे मुसलमान आणि सवर्ण हिंदू कामगारांकडे. अहमदाबादची मजूर चळवळ गांधीजींच्या छायेखाली वाढलेली, अस्पृश्यता निवारण हे तिचे व्रत, तरी साचेखात्याचे दार उघडले नाही. ज्याच्या नावातच विणणे आहे त्याला मागाजवळ येऊ द्यायचे नाही! मनूच्या स्मृतीत धंदा जातीवरून ठरतो असे सांगितले आहे. गिरणीच्या स्मृतीत फरक इतकाच की परंपरागत धंद्याला भाव आला तेव्हा तो जातीकडून काढून घेतला गेला. मार्क्सच्या भाकितातला वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडण्याचा भाग असा अर्धवट खरा ठरला. विभागणी मोडली आणि विषमता राहिली.

यात काळाचाही एक धागा आहे. सुरुवातीच्या मुंबईच्या गिरण्या मुख्यतः कताईच्या होत्या. त्यांचे सूत मोठ्या प्रमाणावर चीनला जाई. विसाव्या शतकाच्या आरंभापासून ती निर्यात घसरत गेली आणि गिरण्यांनी साचे वाढवले. म्हणजे चांगल्या पगाराची जागा जेव्हा मोठ्या संख्येने निर्माण होत होती, त्याच वेळी अस्पृश्य कामगार गिरणीत आधीपासून हजर होता. तो बाहेर नव्हता, भिंतीच्या पलीकडच्या खात्यात होता. त्याला नुसती भिंत ओलांडायची होती.

कामगार चळवळीने या भिंतीकडे कसे पाहिले? चळवळीचा आरंभ सत्यशोधकांनी केला हे विसरता येत नाही. जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, अर्ज केला, संघटना उभी केली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. पण पुढे १९२० नंतरच्या दोन दशकांत चळवळ मोठी झाली, लाल झाली, तेव्हा तिच्या पुढाऱ्यांना भिंत दिसेनाशी झाली. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने चाललेला सार्वत्रिक संप झाला. गिरणी कामगार युनियन याच संपातून उभी राहिली. संपाच्या मागण्यांत पगारकपात, कामवाढ, तासांचा प्रश्न असे सर्व काही होते. अस्पृश्य कामगारांना सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क ही मागणी नव्हती. बाबासाहेबांनी ती पुढे केली. ती मान्य होत नसेल तर अस्पृश्य कामगारांनी या संपात का राहावे, असा त्यांचा सवाल होता. पुढाऱ्यांनी नाखुशीने मागणी यादीत घातली.

नाखुशी हा शब्द या प्रकरणातला कळीचा शब्द आहे. हे पुढारी जातीयवादी होते असे मला म्हणायचे नाही. त्यांच्यातील कित्येकांनी तुरुंगवास भोगला, आयुष्य वाहिले. पण साचेवाले हा त्यांच्या युनियनचा कणा होता, आणि कण्याला धक्का लागेल असा प्रश्न त्यांना एकजुटीत फूट पाडणारा वाटला. फूट आधीच पडलेली होती, ती दाखवणारा मात्र फुटीर ठरला. १९२९ च्या दुसऱ्या संपाला बाबासाहेबांनी विरोध केला आणि अस्पृश्य कामगारांनी कामावर जावे असे सांगितले, त्याबद्दल आजही काही अभ्यासक त्यांना दोष देतात. आधीच्या वर्षाच्या दीर्घ संपाने कर्जात बुडालेल्या रिंगखात्यातल्या कामगाराने, जे दार आपल्यासाठी उघडले नाही त्या दारावरच्या लढाईत पुन्हा किती महिने उपाशी राहायचे, हा प्रश्न त्या अभ्यासकांच्या लेखनात येत नाही. तो यायला हवा. मग निष्कर्ष त्यांचा त्यांनी खुशाल काढावा.

आणि बाबासाहेब कामगार एकजुटीच्या विरोधात होते असे समजणाऱ्यांनी पुढची दहा वर्षे पाहावीत. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांची परिषद झाली. आपला कापूस जिथे गाडी बदलत असे तेच हे मनमाड. तिथे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असे मांडले आणि कामगार चळवळ पहिल्या शत्रूकडे डोळेझाक करते हेही सांगितले. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन होऊ शकतो पण पोर्टर होऊ शकत नाही, कारण स्टेशन मास्तर पोर्टरला घरच्या कामाला लावतो आणि अस्पृश्य त्याच्या घरात चालत नाही, हे उदाहरण त्यांनी दिले. रेल्वेतला हा पोर्टर आणि गिरणीतला साचेवाला, दोन्ही ठिकाणी नियम एकच. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध झालेल्या संपात ते कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उतरले. ज्यांनी नाखुशीने मागणी मान्य केली होती त्यांच्याबरोबर!

सोलापूरबद्दल एक गोष्ट सांगून पुढे जातो. तिथली जुनी मिल १८७७ मधली. नंतर आणखी गिरण्या झाल्या. सोलापुरात ब्रिटिश सरकारने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची तारेच्या कुंपणातली वसाहत वसवली आणि त्या वसाहतीतले हात गिरण्यांना पुरवले. गिरणीत काम, संध्याकाळी हजेरी, रात्री कुंपणाच्या आत. या वसाहतींचे अधिकारी स्टार्ट हेच १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या मागासवर्गीयांच्या चौकशी समितीचे अध्यक्ष होते आणि बाबासाहेब तिचे सदस्य. एकाच माणसाच्या फायलीत कुंपणही आणि सुधारणाही. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो कायदा गेला.

साचेखात्याचे दार पुढे उघडले का? उघडले, पण सावकाश आणि ढोल न वाजवता. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने धंद्या-व्यवसायातली आडकाठी गुन्हा ठरवली. नवे माग, नवे धोटे आले आणि ओठांची सबब उरली नाही. सबब संपली तरी जॉबरची साखळी एकदम तुटत नाही. वडील ज्या खात्यात त्याच खात्यात मुलगा बदली म्हणून चिकटायचा. त्यामुळे कायदा फाटकातून आत आला तरी कितीतरी वर्षे खात्यातले चेहरे तेच राहिले. आणि चाळीतली भिंत तर होतीच. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे १९२० नंतर बीडीडीच्या २०७ चाळी बांधल्या गेल्या. एकशेसाठ चौरस फुटांची खोली, सामाईक संडास. गरिबी सारखी होती, पण कुठली चाळ कोणाची हे सगळ्यांना ठाऊक असे. १९७४ च्या जानेवारीत वरळीला जी दंगल झाली ती या चाळींमधूनच. दलित पँथरच्या सभेवर दगड आले, आणि १० जानेवारीला परळच्या मोर्चात भागवत जाधव यांचा बळी गेला. समोरासमोर राहणारे आणि एकाच भोंग्याला उठणारे शेजारी होते ते. गिरणगावच्या एकजिनसी कामगार संस्कृतीविषयी, तिथल्या भजनी मंडळांविषयी आणि गणेशोत्सवांविषयी आज जे हळवे लेखन होते ते वाचताना ही तारीख मला आठवते.

नंतरची कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. १९४६ च्या कायद्याने मान्यता एकाच युनियनला, त्यामुळे बहुसंख्य कामगार ज्याच्या मागे होते त्याच्याशी बोलणी करायला कोणी बांधील नव्हते. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, १९९१ च्या विकास नियमावलीने जमिनी मोकळ्या होऊ लागल्या आणि चिमण्यांच्या जागी काचेचे मनोरे आले. फिनिक्स मिलच्या आवारात आता खरेदीची दालने आहेत. ब्लॅकबर्नमध्येही हेच झाले होते, थोडे आधी. तिथे गिरण्या शेवटच्या घटका मोजत असताना रात्रपाळीचे जे काम गोऱ्यांना नको होते त्यासाठी पाकिस्तानातून आणि आपल्या भरूच-सुरतेकडून माणसे नेली गेली. गिरण्या गेल्या आणि माणसे राहिली. २००१ साली ओल्डहॅम आणि बर्नली येथे दंगली झाल्या. वर्ण असो वा वर्ण्य, कमी पगाराच्या पाळीला कोणाला उभे करायचे याची यादी सगळीकडे आधीच तयार असते असे दिसते.

गिरणी कामगारांच्या घरांची जी योजना महाराष्ट्रात झाली तिची पात्रता १ जानेवारी १९८२ या तारखेवरून ठरते. या तारखेला एक वेगळा अर्थ आहे. गिरणीत एकेकाळी वाइंडिंग आणि रीलिंगची खाती बायांची होती. रात्रपाळीबंदी, नवी यंत्रे आणि पुरुषाचा पगार हाच घरचा पगार या समजुतीने त्यांना १९८२ च्या कितीतरी आधी काढून टाकले होते. म्हणजे यादी तयार झाली तेव्हा त्या यादीतून आधीच गेलेल्या होत्या. साचेखात्यातला नियम इथे दुसऱ्या वेषात भेटतो.

इंदू मिलचे नाव दलित वाचकाला वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. दादरच्या चैत्यभूमीलगतची ही इंडिया युनायटेड गिरण्यांपैकी सहा नंबरची गिरणी. तिची जागा बाबासाहेबांच्या स्मारकाला मिळावी म्हणून मोठे आंदोलन झाले, ६ डिसेंबर २०११ ला कार्यकर्ते आत शिरले, २०१२ साली जागेचा निर्णय जाहीर झाला आणि २०१५ च्या ऑक्टोबरात पायाभरणी. भव्य पुतळ्याची उंची किती याची चर्चा वर्तमानपत्रांत पुष्कळ झाली. जमीन गिरणीची आहे, तेव्हा या स्मारकात कुठेतरी काचेच्या पेटीत एक लाकडी धोटा ठेवावा आणि त्याखाली १९२८ च्या त्या मागणीची हकीकत लिहावी, अशी सूचना मला कोणी मागितली तर मी करीन. कोणी मागितलेली नाही.

आपल्या जिल्ह्याकडे परत येऊ. मराठवाड्यातून गिरणगावात गेलेली दलित माणसे कोकण-साताऱ्याच्या मानाने थोडी. निजामी हद्दीतल्या माणसाला मुंबईपेक्षा गावाजवळचे जिन आणि मोसमी मजुरी जवळची होती. सहकारी सूतगिरण्यांचे युग आले तेव्हा लक्ष्मण गायकवाडांना लातूरच्या सूतगिरणीत जे भोगावे लागले ते त्यांच्या ‘उचल्या’त १९८७ साली आले आहे. नुसत्या सूतगिरणीत साचेखाते नसतेच. जिनमध्येही नसते. पण खाती असतात. रेच्यासमोर ओळीने बसून मूठमूठ कापूस घालणाऱ्या, नाकातोंडाला पदर बांधलेल्या बाया कुठल्या वस्तीतून येत, गठाणी उचलणारे हमाल कोण, काट्यावर वजन लिहिणारा कोण, ग्रेडर कोण, ही विभागणी मानवतच्या वा सेलूच्या जिनमध्ये कशी होती, हे कोणी लिहून ठेवलेले माझ्या पाहण्यात नाही. आता अनेक ठिकाणी कापूस घालण्याचे काम यंत्र करते. बायांच्या ओळी मोडल्या. एकाधिकार खरेदीच्या काळातले, म्हणजे १९७२ नंतरचे, केंद्रावरचे हिशेब बाजार समित्यांच्या दप्तरात असतील किंवा उधईने खाल्ले असतील.

महाविद्यालयांतले आपले विद्यार्थी दरवर्षी प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. त्यांनी जिनमध्ये काम केलेल्या आपल्या आजीला, आणि मुंबईच्या गिरणीतून गावी परतलेला कोणी शेजारी असेल तर त्याला, पगार किती होता हे विचारण्याआधी खाते कोणते होते हे विचारावे. मग त्या खात्यात आणखी कोण होते, पाण्याचा पिंप कोणाचा कुठे होता, कोणत्या खात्यात जायची इच्छा होती आणि कोण नको म्हणाले, हे विचारावे. गिरणीचे तिकीट, पगाराची चिठ्ठी, बदलीचा पास घरात असेल तर त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. १९८२ च्या संपात जो विशीत होता तो आज साठीच्या पुढे आहे. ओठाने सूत ओढलेली माणसे तर याहून वयस्कर, आणि त्यांच्यातली फारच थोडी उरली आहेत.